एमजीबीचा लाल रंग गुलाबी पडला आहे: नव्याने रंगवावी की आहे तोच रंग वाचवावा?

ॲबिंग्डनकर | १६ मार्च

नमस्कार मंडळी.

गेल्या नोव्हेंबरात मी १९७३ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, विकत घेतली. एमजीचा मूळ कारखाना जिथे होता ते ऑक्सफर्डजवळचे ॲबिंग्डन माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. कारखाना १९८० च्या ऑक्टोबरात बंद झाला, पण गावात अजूनही एखाद्या रविवारी चार-दोन एमजी दिसल्या नाहीत असे होत नाही. जीटी हे बंद टपाचे रूप धरून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या, त्यामुळे ही गाडी दुर्मिळ आहे असा माझा दावा नाही. कारखान्यात बसलेला मूळ रंग अंगावर टिकलेली एमजीबी मात्र क्वचितच पाहायला मिळते, आणि माझी गाडी बहुतांशी तशी आहे असे मला वाटते.

गाडी पाहायला गेलो त्या दिवशी पाऊस पडत होता. अंगणात उभी असलेली ओली गाडी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल दिसत होती. घरी आणून गॅरेजमध्ये लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो बॉनेट आणि डिकी फिकट गुलाबी झालेल्या, त्यांवर पांढुरकी साय धरल्यासारखी. बोट फिरवले तर गुलाल लागावा तसा रंग बोटाला लागला. बाजूचे पत्रे त्या मानाने बरे आहेत, पण त्यांनाही तुकतुकी अशी राहिलेली नाही. कागदोपत्री रंग 'डॅमास्क रेड' आहे. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून जे हेरिटेज प्रमाणपत्र मिळते, त्यावरही तोच नोंदलेला आहे.

इथल्या दोन गॅरेजना गाडी दाखवली. दोघांनीही पाहताक्षणी सांगितले की सगळा रंग उतरवून नवा टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायचा) रंग मारावा लागेल. त्यांचा अंदाज गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे गेला. खर्चापेक्षा माझी अडचण निराळी आहे: पन्नास वर्षे टिकलेली गोष्ट एकदा खरवडून काढली की ती परत येणार नाही. हा रंग वाचवता येईल का, आणि येणार असेल तर सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नळस्टॉप | १६ मार्च

मी थोडे विरोधी मत मांडतो. गाडी वापरायला घेतली असेल तर ती सरळ रंगवून घ्यावी. मी पुण्यात एक जुनी फियाट दोन वर्षे 'मूळ रंग, मूळ रंग' म्हणत घासत बसलो. प्रत्येक पावसाळ्यानंतर ती पुन्हा मलूल व्हायची आणि मी पुन्हा घासायचो, शेवटी कडांवर पत्रा दिसायला लागला. शेवटी रंगवायचीच असेल तर दोन वर्षे आधी रंगवलेली काय वाईट? फक्त एक करा, घरच्या घरी टू-पॅक मारण्याच्या भानगडीत पडू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याने कायमचा दमा जडतो. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि बंदिस्त बूथ असल्याशिवाय ते काम कोणी करू नये.

रसायनी | १७ मार्च

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेच्या बाजूला, माझी तीस वर्षे गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ॲबिंग्डनकर, ओली गाडी लाल दिसली ही तुमच्या हातातली सर्वांत चांगली बातमी आहे. त्यामागचे कारण असे. तुमच्या गाडीच्या काळातल्या साध्या, म्हणजे मेटॅलिक नसलेल्या रंगांवर पारदर्शक लॅकरचा वेगळा थर नसे; रंग आणि चकाकी दोन्ही एकाच थरात असत. याला सिंगल स्टेज रंग म्हणतात. अशा रंगात रंगद्रव्याचे बारीक कण राळेत, म्हणजे रेझिनमध्ये, बुडालेले असतात. उन्हातले अतिनील किरण वर्षानुवर्षे पृष्ठभागावरची राळ तोडत राहतात, ती झिजून जाते आणि रंगद्रव्याचे कण उघडे, सुटे पडतात. तुमच्या बोटाला लागला तो हाच सुटा रंग. आमच्या धंद्यात याला चॉकिंग म्हणतात, कारण खडूसारखी भुकटी हाताला येते. राळ गेल्याने पृष्ठभाग अतिसूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो, त्यावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो, आणि तो विखुरलेला पांढरा उजेड खालच्या लालात मिसळून डोळ्याला गुलाबी दिसतो. पाणी पडले की ते खडबडीत खळगे भरून निघतात, विखुरणे थांबते आणि खालचा लाल दिसू लागतो. म्हणजे खालचे रंगद्रव्य जिवंत आहे. रंगद्रव्यच उन्हाने मेले असते तर गाडी ओली असतानाही फिकीच दिसली असती.

नळस्टॉप यांचा अनुभव खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा वाटतो. त्यांनी दर वर्षी झिजलेला थर काढला आणि नव्याने उघडा पडलेला थर तसाच उन्हात सोडला, त्यामुळे दर वर्षी तेच चक्र पुन्हा सुरू झाले. रंग ही मोजक्या जाडीची शिल्लक असते. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमरसकट सगळा लेप साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा थोडासाच जाड. त्यातला वरचा रंग त्याहूनही कमी. म्हणून पहिले यंत्र पॉलिशचे नव्हे, तर जाडी मोजण्याचे घ्या. पोलादी पत्र्यावर ते चुंबकीय तत्त्वावर चालते, ॲल्युमिनियमवर एडी करंटवर, म्हणजे धातूत उठणाऱ्या भोवऱ्यासारख्या विद्युतप्रवाहांवर. बहुतेक चांगल्या मीटरांत दोन्ही सोयी असतात.

आणखी एक सूचना, आणि ती मी गांभीर्याने करतो आहे. त्या काळच्या लाल, पिवळ्या आणि नारिंगी रंगांत शिशाची क्रोमेट रंगद्रव्ये सर्रास वापरली जात. जुना रंग कोरडा घासू नये. पाणी वापरावे, तोंडाला धुळीचा योग्य मुखवटा लावावा आणि घासल्यानंतरचा गाळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

पंचगंगा | १७ मार्च

रसायनी काकांनी शास्त्र सांगितले, मी हातची कसोटी सांगतो. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचे डेंटिंग-पेंटिंगचे दुकान आहे, वडिलांपासूनचे.

गाडी रंगवलेली आहे की नाही, हे मीटर येईपर्यंत असे पाहावे. दाराचे रबर थोडे उचलावे, त्याखाली मास्किंग टेपची रेघ किंवा रंगाचा पायरीसारखा उंचवटा लागला तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे. पाटीच्या मागे, दिव्याच्या खोबणीत, इंजिनाच्या आतल्या भिंतीवर जो रंग आहे तो मूळ समजावा आणि बाहेरचा त्याच्याशी ताडून पाहावा. न दिसणाऱ्या जागी फडक्याला थोडे थिनर लावून हलकेच टेकवावे. रंग लगेच विरघळून फडक्याला आला तर ते लॅकर आहे, मग ते जुने सेल्युलोज असेल किंवा ॲक्रिलिक. कारण लॅकर फक्त थिनर उडून सुकते, ते पुन्हा थिनरमध्ये विरघळते. काहीच झाले नाही तर ते भट्टीत पक्के झालेले एनॅमल किंवा हार्डनर घातलेले टू-पॅक आहे. थिनर टेकवताना एक सेकंदाच्या वर ठेवू नये, नाहीतर कसोटीचाच डाग राहतो.

मनगटभर लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून खालच्या पत्र्यांवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली आहे. एमजीबीला मी हात लावलेला नाही, पण मोनोकॉक गाडीत, म्हणजे जिला वेगळी चासी नसते आणि बॉडीच सगळा भार पेलते अशा गाडीत, पाणी साचते ते दाराखालच्या सिलमध्ये आणि चाकाच्या कमानीच्या खालच्या टोकाला, त्यामुळे आधी तिथे पाहा. रंगाखाली बुडबुडे असतील तर त्यांवर पॉलिश करणे म्हणजे गळूवर पावडर लावण्यासारखे आहे. तेवढा भाग उघडून कोऱ्या, चकचकीत पत्र्यापर्यंत जावे लागेल.

आणि बारीक तडे गेले असतील, मगरीच्या पाठीसारखे, तर मात्र नळस्टॉप म्हणतात ते बरोबर. तडा खालपर्यंत गेलेला असतो, तो घासून जात नाही. आधी भिंग घेऊन बॉनेटवर नीट पाहा.

मिशिगनवासी | १८ मार्च

अवांतर: पंचगंगा, तुमच्याकडे अजून 'ड्यूको मारणे' म्हणतात का? माझे वडील स्कूटरला रंग देण्यालाही ड्यूको म्हणत. हा शब्द इथलाच आहे हे मला इकडे येऊन कळले. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचे ते व्यापारी नाव. तोपर्यंत गाड्यांना वार्निशसारखे रंग ब्रशने लावत आणि ते सुकायला आठवडे लागत. १९२३ साली जनरल मोटर्सने १९२४ च्या आपल्या ओकलंड या ब्रँडच्या गाड्यांवर निळा ड्यूको फवारला आणि गाडी रंगवण्याचे काम आठवड्यांवरून तासांवर आले.

पंचगंगा | १८ मार्च

म्हणतात तर. मूळ ड्यूको आमच्या इथे आता कोणी मारत नाही, सगळे टू-पॅक आहे, पण गिऱ्हाईक येते ते 'ड्यूको किती घ्याल' असेच विचारत. शब्द राहिला, डबा गेला.

ॲबिंग्डनकर | २ एप्रिल

सर्वांचे मनापासून आभार. मीटर मागवले आणि एक शनिवार गाडीभोवती फिरण्यात घालवला. प्रत्येक पत्र्यावर खडूने चौकोन आखून आकडे वहीत उतरवले. बॉनेटवर ९८ ते ११०, डिकीवर १०२ ते ११२, डाव्या दारावर ९५ ते १०८ मायक्रॉन. पुढच्या मडगार्डांवरही असेच आकडे, फक्त हेडलाइटच्या खोबणीच्या वरच्या ओठावर ७० च्या खाली. उजवे दार, म्हणजे इथल्या गाडीत चालकाचे, २३० ते २५०. डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या कमानीखाली ९०० च्या पुढे, आणि तिथे चुंबकही धरत नाही. म्हणजे तिथे पंचगंगा यांची लांबी आहे आणि उजवे दार कधीतरी पुन्हा रंगवलेले आहे. बाकी गाडी मूळ रंगात आहे असे मी मानतो. भिंगातून बॉनेटवर तडे दिसले नाहीत. थिनरने मूळ पत्र्यावरचा रंग थोडा फडक्यावर आला, उजव्या दारावर काही झाले नाही.

आधीचे मालक आता पंच्याऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांना फोन केला तर ते म्हणाले की १९९० च्या सुमारास घराच्या फाटकाला दार घासले होते. दर वसंतात एका अमोनियाचा वास येणाऱ्या द्रवाने ते गाडी घासत असत, ही माहिती त्यांनी अभिमानाने दिली. हेडलाइटच्या ओठावर ७० का उरले, ते मला तेव्हा समजले.

मिशिगनवासी | ३ एप्रिल

माझ्याकडे १९७२ ची डॅटसन २४०झेड आहे, तिच्या रंगावर मी हेच सगळे केले, त्यामुळे क्रम सांगतो. घाई करू नका, आणि कटिंग कंपाउंडने, म्हणजे रंग घासून काढणाऱ्या लेपाने, सुरुवात करू नका. आधुनिक क्लिअर कोटसाठी, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरासाठी, बनलेली कंपाउंडे आणि लोकरी पॅड जुन्या रंगावर पहिल्याच फेरीत एवढे काही खाऊन जातात, की मग करायला काही उरत नाही.

आधी साबणाच्या पाण्याने दोन बादल्यांच्या पद्धतीने धुवा, एक साबणाची, एक फडके विसळायची, म्हणजे वाळूचा कण पुन्हा गाडीवर जात नाही. नंतर डिटेलिंग क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण उचलणारी चिकणमाती, भरपूर ओलावा ठेवून हलक्या हाताने फिरवा. तिलाही लाल रंग लागेल, घाबरू नका. चिकणमातीचा गोळा खाली पडला तर तो टाकून द्यावा, पुसून परत वापरू नये.

त्यानंतरची पायरी महत्त्वाची आहे. तेलकट ग्लेझ, ज्यात घासणारे कण जवळजवळ नसतात, ते टर्किश फडक्यावर भरपूर घेऊन रंगात जिरवावे. मेग्वायर्सचे ७ क्रमांकाचे ग्लेझ जुन्या गाड्यांचे लोक इकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. या कंपनीची सुरुवात १९०१ मध्ये फर्निचरच्या पॉलिशपासून झाली आणि त्या ग्लेझचा पोत पाहिला की ते पटते. झिजलेला रंग कोरड्या लाकडासारखा ते पीत जातो. जाड थर लावून रात्रभर ठेवावा, सकाळी पुसावा, फडके लाल होईल, पुन्हा लावावा. दोन-तीन रात्रींनंतर बॉनेटचा रंग गडद होऊ लागला की मग यंत्राला हात लावावा.

यंत्र ड्युअल ॲक्शन घ्या. रोटरी एकाच जागी गोल फिरत राहते, तापते आणि कडेवर क्षणात रंग जाळते. ड्युअल ॲक्शनची तबकडी फिरता फिरता डोलते, दाब वाढला तर थांबते, त्यामुळे नवशिक्याला ती माफ करते. मऊ फोमचा पॅड, बारीक पॉलिश, हळू वेग. सिंगल स्टेजमध्ये पॅड फार लवकर रंगाने भरतो, भरलेल्या पॅडने घासले तर रंगाचेच ओरखडे उठतात. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा आणि किमान सहा पॅड जवळ ठेवा. सगळ्या कडा, घड्या आणि क्रोम पट्ट्या टेपने झाका. कडेवर रंग नेहमीच पातळ असतो, कारण फवारलेला रंग ओला असतानाच कडेवरून सपाट भागाकडे ओढला जातो.

मांडवीकाठ | ५ एप्रिल

चांगला धागा आहे. एक शंका विचारतो. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे, गोव्यात समुद्रापासून दीड किलोमीटरवर. तिची बॉडी फायबरग्लासची आहे. आमच्याकडे गंजाची चिंता नाही, पण रंग उन्हाने पार उडाला आहे. मित्राचे मीटर लावले तर ते आकडाच दाखवत नाही. मीटर खराब आहे की गाडी?

रसायनी | ५ एप्रिल

दोन्ही ठीक आहेत. चुंबकीय आणि एडी करंटच्या मीटरला खाली धातू लागतो. फायबरग्लासवर मोजायला अल्ट्रासाउंडवर चालणारे मीटर लागते, ते बरेच महाग आहे, एका गाडीसाठी विकत घेऊ नये. तुमच्या गाडीत एक अधिकचा धोका आहे: फायबरग्लास पत्र्यासारखी उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे पॉलिशची उष्णता एकाच जागी साठते आणि रंग लवकर मऊ पडतो. हाताने लावायचे ग्लेझ आणि नंतर वॅक्स एवढ्यावरच थांबून पाहा. समुद्राची हवा आहे, तर गाडी गोड्या पाण्याने वारंवार धुणे हाच तुमचा पहिला उपाय समजा.

नळस्टॉप | ६ एप्रिल

वॅक्सऐवजी सिरॅमिक कोटिंग का नको? माझ्या नव्या गाडीवर '९एच' कोटिंग केले आहे, विकणारा म्हणत होता हिऱ्याच्या जवळपास कठीण.

रसायनी | ६ एप्रिल

विकणाऱ्याला तसे म्हणू द्या. ९एच हे पेन्सिलीच्या कसोटीवरचे माप आहे, वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिलींनी रंगावर ओरखडा उठतो का ते पाहतात, त्यातली ती सर्वांत कठीण पेन्सिल. हिरा दहावर असतो ती खनिजांची मोजपट्टी वेगळी. नव्या क्लिअर कोटवर सिरॅमिक उत्तम काम करते. पण आत तेल जिरवलेल्या रंगावर ते धरत नाही. ते धरावे म्हणून तेल अल्कोहोलने पुसून काढावे लागते, आणि मग रात्रभर जिरवलेल्या ग्लेझचे काय केले? ॲबिंग्डनकरांनी कार्नौबा वॅक्स लावावे. ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे हे मेण ८२ अंशांच्या पुढे वितळते, त्यामुळे उन्हात तापलेल्या बॉनेटवरही टिकते. मात्र दर दोन-तीन महिन्यांनी लावावे लागेल. नळस्टॉप, तुमच्या फियाटला ही पायरी कोणी सांगितली नव्हती.

नळस्टॉप | ६ एप्रिल

खरे आहे. कोणी सांगितली नव्हती, आणि मी विचारलीही नव्हती.

ॲबिंग्डनकर | २२ जून

मधल्या काळात तीन शनिवार-रविवार गाडीला दिले. लिहायला उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व.

सुरुवात डिकीवर एका हातभर चौकोनाने केली. त्याभोवती टेप लावली, ग्लेझ चोळले, रात्रभर ठेवले. सकाळी पुसताना फडके असे निघाले की आमच्या सौ.नी विचारले, काही लागले का तुम्हाला. तिसऱ्या सकाळी टेप काढली. आत ओल्या दिवशी पाहिलेला लाल, बाहेर साय धरलेला गुलाबी, आणि दोन्हींच्या मधोमध टेपच्या कडेइतकी सरळ रेघ. मी बराच वेळ तिथे स्टूल टाकून बसलो होतो.

नंतर सगळ्या गाडीवर तेच केले. मग यंत्र चालवले, प्रत्येक चौकोनावर संथपणे चार फेऱ्या, फेरीनंतर मीटर. बॉनेटवर आधी जिथे १०४ होते तिथे आता १०१ किंवा १०२ येते. मीटरची स्वतःची चूकच दोन-तीन मायक्रॉन असू शकते, त्यामुळे नक्की किती गेले हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण फार गेले नाही एवढे नक्की.

आता चुकीची गोष्ट. डाव्या हेडलाइटच्या खोबणीच्या ओठावर यंत्राचा पॅड नीट पोहोचत नव्हता, म्हणून शेजाऱ्याकडून छोटी रोटरी आणली. ओठावर टेप लावली होती. टेपचे टोक सुटले ते मला दिसले नाही. दोन सेकंदांत पॅडवरचा लाल अचानक राखाडी झाला आणि मी यंत्र उचलेपर्यंत रुपयाच्या नाण्याहून लहान एवढी प्रायमरची टिकली उघडी पडली होती. मीटरने ७० च्या खालचा आकडा मला आधीच दाखवला होता, तो मी वहीत लिहिलाही होता, आणि तरी यंत्र तिथेच नेले. तिथे बारीक ब्रशने टच-अपचे चार पातळ हात दिले, प्रत्येक हात एक दिवस सुकवून, आणि दोन आठवड्यांनी वॉटर पेपर २००० ने हलकेच सपाट केले. जवळून पाहिले की दिसते.

डाव्या कमानीची लांबी पावसाळ्याआधी उघडायची आहे, तो विषय वेगळ्या धाग्यात मांडेन.

पंचगंगा | २३ जून

टिकली होते. आमच्या दुकानात वडिलांनी एका गिऱ्हाइकाच्या काळ्या गाडीवर अशी टिकली पाडली होती, तेव्हापासून आमच्याकडे कडा कोणीही यंत्राने करत नाही, बोटाला फडके गुंडाळून करतो. चार पातळ हात दिलेत ते बरोबर केलेत. एकच जाड थेंब ठेवला असता तर तो सुकताना मधोमध बसला असता.

ॲबिंग्डनकर | ९ जुलै

वॅक्स लावून झाले आणि एक नवीच अडचण पुढे आली, जिचा मी विचारच केला नव्हता.

गाडी फिकी होती तेव्हा सगळे पत्रे सारखेच फिके होते. उजवे दार वेगळ्या रंगाचे आहे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, माझ्याही नाही. मला ते मीटरने सांगितले. आता मूळ पत्रे गडद झाले आणि दार त्यांच्यात उठून दिसते. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली जवळजवळ जुळते, पण बाहेर उन्हात काढली की दार नारिंगीकडे झुकलेले दिसते. सोबत फोटो टाकतो, पहिला आतला, दुसरा बाहेरचा.

नळस्टॉप | ९ जुलै

मी काही बोलणार नाही.

पण दार रंगवावे लागेल.

रसायनी | १० जुलै

याला मेटामेरिझम म्हणतात. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असले तर एका उजेडात ते जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात, कारण प्रत्येक रंगद्रव्य उजेडातल्या वेगवेगळ्या लहरी परत पाठवते आणि ट्यूबलाइटमध्ये त्या लहरींचे प्रमाण उन्हापेक्षा वेगळे असते. १९९० च्या सुमारास ज्याने दार रंगवले त्याच्याकडे १९७३ ची रंगद्रव्ये असतीलच असे नाही, आणि आज तर शिशाची जवळजवळ मिळतच नाहीत. जुन्या सूत्राचा क्रमांक दिला तरी दुकानदार तो आजच्या रंगद्रव्यांनीच बनवणार. म्हणून क्रमांकावर विसंबून राहू नका, प्रत्यक्ष पत्र्यावरून रंग जुळवून घ्या.

मिशिगनवासी | १० जुलै

दार न रंगवता तसेच ठेवण्याचाही एक पक्ष आहे. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाच्या, फिव्हाच्या, टुरिन सनदेत जतन आणि पुनर्स्थापना यांच्यात स्पष्ट फरक केलेला आहे आणि गाडीच्या आयुष्यात झालेले बदल हेही तिच्या इतिहासाचा भाग मानले आहेत. म्हाताऱ्या मालकांचे फाटक हा इतिहासच आहे. अर्थात मला रोज त्या दाराकडे पाहत बसायचे नाही, हे मान्य.

ॲबिंग्डनकर | ४ ऑक्टोबर

गेल्या रविवारी घरी परतताना पाऊस लागला. गाडी दारात उभी केली, पाऊस थांबला, वारा सुटला आणि बॉनेट पंधरा मिनिटांत वाळले. मी खिडकीतून पाहत होतो. ओल्या आणि वाळलेल्या बॉनेटमध्ये फरक दिसला नाही. उजवे दार मात्र ओले असतानाही वेगळे आणि वाळल्यावरही वेगळेच.

म्हणून परवा त्याचे आतले अस्तर काढले, निदान खालचे पाहावे म्हणून. आत ऊन कधी पोहोचलेले नाही. खिडकीची काच उतरते त्या पोकळीत पत्र्यावर मूळ डॅमास्क रेड जसाच्या तसा आहे, म्हणजे दार बदललेले नाही, फक्त बाहेरून रंगवलेले आहे. त्या आतल्या रंगाशी बॉनेट ताडून पाहिले. पॉलिश केलेले बॉनेट अगदी किंचित फिके आहे. म्हणजे पन्नास वर्षांत जे खरोखर गेले ते एवढेच.

मी दार रंगवायचे ठरवले आहे, इथल्याच एका म्हाताऱ्या रंगाऱ्याकडून, जो फक्त जुन्या गाड्या करतो. तो नमुन्याची पट्टी फवारून उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे धरून पाहणार आहे. त्याने मला एकच प्रश्न विचारला आणि तो मी तुमच्यापुढे ठेवतो: रंग दाराच्या आतल्या मूळ पत्र्याशी जुळवायचा की बॉनेटशी?

पंचगंगा | ४ ऑक्टोबर

बॉनेटशी. आतल्या पत्र्याशी जुळवला तर तो कागदावर बरोबर असेल आणि रस्त्यावर चूक. पट्टी बॉनेटला नव्हे, दाराला लागून असलेल्या मडगार्डाला टेकवून बघा, आणि तेही सकाळी दहाच्या आत. दुपारच्या उन्हात सगळेच लाल सारखे दिसतात.